शांत सायंकाळ क्रमांक सात

प्रमाणपत्र नसलेला माणूस लहान मुलांच्या आसपास किती धोकादायक ठरू शकतो, हे भाऊकाकांना निवृत्तीनंतर, लिफ्टशेजारच्या फलकावरून कळलं. फलकावर सेक्रेटरींची नवी सूचना लागली होती. सेक्रेटरींची प्रत्येक सूचना 'सर्व सभासदांस' उद्देशून असे, पण तिच्यात कुणीतरी एकच सभासद दडलेला असे आणि वाचता वाचता तो स्वतःला बरोबर सापडे. या वेळी भाऊकाका सापडले. 'यापुढे तळमजल्याच्या हॉलमध्ये वर्ग घेण्यास केवळ प्रमाणित प्रशिक्षकांसच परवानगी राहील. तसा प्रशिक्षक उपलब्ध नसल्यास रविवारी हॉल जादा खुर्च्या ठेवण्यासाठी वापरण्यात येईल.'

इमारतीत वर्ग एकच होता. रविवारी सकाळचा, भाऊकाकांचा, मुलांसाठी आणि फुकट. त्याला वर्ग म्हणणं हीसुद्धा तशी अतिशयोक्तीच. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायची, मधोमध पाण्याचे डबे ठेवायचे आणि मुलांनी रंगवत सुटायचं. भाऊकाका गुडघे कुरकुरत असतानाही एकेका मुलाशेजारी उकिडवे बसत, चित्राकडे बराच वेळ बघत आणि विचारत, "बरं, मग पुढे काय झालं?" त्यावर मूल सांगू लागे आणि सांगता सांगता चित्रात आणखी काहीतरी घडवून टाके. भाऊकाकांची शिकवण्याची पद्धत ती एवढीच. मुलं मात्र शनिवारपासून ब्रश धुऊन तयार असत.

आता सूचना का निघाली, तेही सांगायला हवं. आदल्या रविवारचा विषय होता 'आमची इमारत'. चौथ्या मजल्यावरच्या एका सात वर्षांच्या मुलीने चित्रात सेक्रेटरी काढले होते, आणि ते इमारतीपेक्षा दीड मजला उंच झाले होते. ही मुलगी प्रत्येक वाक्यानंतर 'का बरं?' विचारते, म्हणून सगळी इमारत तिला 'काबरं' म्हणते. सेक्रेटरींनी चित्र पाहून, आवाज शक्य तेवढा गोड करून विचारलं, "मी एवढा मोठा का गं?"

"तुम्ही खूप मोठ्याने बोलता ना," काबरं म्हणाली, "मग लहान काढून कसं पुरेल?"

दुसऱ्याच दिवशी सूचना लागली.

भाऊकाकांना खरं दुखलं ते वेगळंच. त्यांची अख्खी नोकरी वजनमापे तपासण्याच्या खात्यात गेली होती. शहरातला असा तराजू नव्हता ज्याच्याखाली वाकून त्यांनी शिक्का मारला नव्हता. किलो म्हणजे किलो आणि मीटर म्हणजे मीटर, हे ठरवणारा माणूस; ज्याच्या नुसत्या पावलाच्या आवाजाने दुकानदार पारड्याखालचे चिकटवलेले खडे काढून फेकत. त्या माणसाकडे शिक्का मागायचा!

"अगं, मी प्रमाणित नाही म्हणे!" घरात शिरत ते म्हणाले.

"हे आमच्या बाबांनी तेव्हाच तपासून घ्यायला हवं होतं," काकू वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत म्हणाल्या. "मग आता?"

"आता काय? घेतो प्रमाणपत्र. मुलांचा रविवार काय खुर्च्यांना देऊ?"

पुढचे काही दिवस जिन्यात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "काका, भिंतीवर प्रमाणपत्र हवंच. माझ्या दवाखान्यात पाच आहेत. पेशंट तोंड उघडून पडला की त्याला वाचायला काहीतरी लागतं." पहिल्या मजल्यावरच्या विमेवाल्यांचं म्हणणं असं, की जिथली फी सगळ्यांत जास्त तिथलंच घ्यावं, स्वस्त प्रमाणपत्राकडे लोक संशयाने बघतात. समोरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊकाका, या वयात तुम्ही नापास झालात तर घरी कोणाची सही लागेल हो?" आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

चौकशीअंती एक संस्था सापडली. न्हाणीघराच्या फरशा विकणाऱ्या दुकानाच्या वर होती. जिन्यापर्यंत पोचायला मांडून ठेवलेल्या कमोडांच्या दोन रांगांमधून जावं लागे, त्यामुळे कलेच्या दारात पोचेपर्यंत माणूस आपोआप नम्र होई. वर एक मॅडम होत्या. स्वच्छ पांढरा एप्रन, त्यावर रंगाचा एकही डाग नाही. भाऊकाकांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

प्रवेशाला पहिली अडचण आली ती पत्राची. जिथे वर्ग घेणार त्या जागेचं ना-हरकत पत्र आणा, असं संस्थेने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "आधी प्रमाणपत्र दाखवा, लगेच ना-हरकत देतो." मॅडम म्हणाल्या, "आधी ना-हरकत दाखवा, मग प्रमाणपत्राचं बघू." भाऊकाका तराजूच्या दांडीसारखे या टोकाकडून त्या टोकाकडे झुकत राहिले. शेवटी सेक्रेटरींनी स्वतः टाईप केलेलं एक पत्र दिलं : 'श्री. भाऊकाका यांना वर्ग घेऊ देण्यास आमची तूर्त हरकत आहे; परंतु ही हरकत दूर व्हावी यासाठी त्यांनी आमच्याच हॉलमध्ये परीक्षा देण्यास आमची हरकत नाही.' संस्थेने ते दोनदा वाचलं आणि फाईलला लावलं. अशा पत्रांना कुणी नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणण्यासाठी आधी ती समजावी लागतात.

प्रशिक्षण सुरू झालं, आणि भाऊकाकांना कळलं की संस्थेत एकच चित्र शिकवतात. त्याचं नाव 'शांत सायंकाळ क्रमांक सात'. एक ते सहा कुठे गेल्या, हे कोणालाच माहीत नव्हतं. चित्रात एक डोंगर, एक तळं, काठाला देवदाराची झाडं आणि उजव्या बाजूला झोपडी. हे चित्र जो डोळे झाकूनही तसंच्या तसं काढील आणि समोरच्या डझनभर माणसांकडून तसंच्या तसं काढून घेईल, तो प्रमाणित प्रशिक्षक.

आता हे तर भाऊकाकांच्या हाडीमांसी भिनलेलं काम. सगळे किलो सारखे, तशा सगळ्या सायंकाळी सारख्या. पण अडचण शरीराची होती. विद्यार्थ्यांना कॅनव्हास दिसला पाहिजे, म्हणून प्रशिक्षकाने बाजूला उभं राहायचं, तोंड वर्गाकडे ठेवायचं आणि हात लांब करून न बघता रंगवायचं. एखाद्या लाजऱ्या घोड्याला लांबूनच गवत भरवावं, तसं. त्यात भाऊकाकांचं पोट त्यांच्याआधी कॅनव्हाससमोर जाऊन उभं राही. "काका, पोट आत," असं मॅडम म्हणाल्या की पोट आत जाई आणि डोंगर वाकडा होई. शिवाय रंगवताना बोलत राहायचं, तेही संस्थेने ठरवून दिलेली वाक्यंच. 'आता आपण सगळे मिळून डोंगराचा डावा खांदा उतरवू या.' 'आता आपण तळ्याला हळूच आडवं करू या.' भाऊकाका ही वाक्यं आंघोळीत म्हणत. एकदा काकूंनी बाहेरून विचारलं, "अहो, कुणाला आडवं करताय आत?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सवयीने विचारलं होतं, "मॅडम, या झोपडीत राहतं कोण?"

मॅडमनी शांतपणे ब्रश खाली ठेवला. "काका, झोपडीत कोणी राहत नाही. झोपडी उजव्या बाजूला राहते."

त्या रात्री जेवताना भाऊकाका काकूंना दोनदा म्हणाले, "एवढी तळ्याकाठची जागा, आणि रिकामी!"

खरा घोटाळा पुढेच होता. या पद्धतीत सगळं ओल्यावर ओलं रंगवायचं असतं. कॅनव्हासला आधी पांढऱ्या तैलरंगाचा पातळ हात द्यायचा, तो ओला असतानाच आकाश, आकाश ओलं असतानाच डोंगर, आणि असं करत झोपडीपर्यंत यायचं. चित्र दोन तासांत तयार होतं. वाळायला मात्र महिना लागतो. हे मॅडमनी फी भरल्यानंतर सांगितलं. आणि परीक्षेच्या दिवशी घरी केलेली वीस सराव-चित्रं दाखवायची होती, वीसही एकसारखी.

वीस ओली चित्रं घरात ठेवून बघा म्हणजे कळेल. ती एकावर एक ठेवता येत नाहीत, भिंतीला टेकवता येत नाहीत, झाकता येत नाहीत. पहिली सायंकाळ फ्रीजवर गेली, दुसरी कपाटावर. तिसरी वॉशिंग मशीनवर ठेवली होती. मशीन पिळायला लागल्यावर ती थरथरत कडेपर्यंत आली आणि घडी केलेल्या चादरींवर पालथी पडली. काकूंनी ती चादर उचलून उजेडात धरली. "तळं छान उठलंय," त्या म्हणाल्या, "पण हे मी धुणार नाही. यावर तुम्हीच झोपायचं."

चौथी सायंकाळ जेवणाच्या खुर्चीवर होती, हे भाऊकाका विसरले. खुर्ची रिकामी दिसली तर माणूस बसतो, यात त्यांचा दोष नव्हता. ते बसले, चहा प्यायले, उठले आणि पासबुक भरून आणायला बँकेत गेले. रांगेत मागून कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळाने मागच्या गृहस्थांनी अदबीने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"माफ करा, हे तुम्ही स्वतः काढलंय?"

"काय?"

"हा डोंगर. म्हणजे... तुमच्या मागच्या बाजूचा."

भाऊकाकांनी पँटच्या बसण्याच्या जागी हात फिरवला, आणि हात निळा होऊन परत आला. खिडकीतला कॅशियरसुद्धा उठून उभा राहिला. "साहेब, जरा वळता का? इथून नुसती झाडं दिसतायत." तीस वर्षं या शहरात त्यांना पाहून लोक वजनं लपवत आले होते, आज तेच लोक रांग मोडून त्यांच्या पार्श्वभागावरच्या सूर्यास्ताबद्दल मत देत होते. भाऊकाका भिंतीला पाठ लावून आडवे सरकत बाहेर पडले. बँकेच्या भिंतीवर अजूनही एक फिकट देवदार आहे.

"आता घरात पाहुणा आला तर त्याला बसायला जागा नाही, पण बघायला सतरा तळी आहेत," काकूंनी निकाल दिला. "एक तर ती बाहेर जातील, नाहीतर मी."

बाहेर म्हणजे शेजारी. डॉक्टरांनी चार सायंकाळी दवाखान्यात ठेवून घेतल्या, विमेवाल्यांनी पाच, वहिनींनी पाच. भाऊकाकांनी प्रत्येकाला बजावून सांगितलं, "रंग महिनाभर ओला राहतो. अजिबात हात लावायचा नाही." माणसाला हे असं सांगायचं नसतं, हे मुलांसोबत इतके रविवार काढूनही त्यांच्या लक्षात आलं नाही. उरलेल्यांपैकी एक चित्र त्यांनी जिन्याच्या वळणावर ठेवलं. ते सेक्रेटरींनी 'मार्गात अडथळा' म्हणून जप्त केलं आणि आपल्या कार्यालयातल्या टेबलावर पुरावा म्हणून नेऊन ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी भाऊकाका चित्रं गोळा करायला निघाले. डॉक्टरांच्या दारातच त्यांचे पाय थबकले. डोंगराच्या कड्यात पांढरेशुभ्र दात बसवलेले होते, अगदी नीट, ओळीने.

"कड्यात फट होती हो काका," डॉक्टर खजील होऊन म्हणाले. "रोज समोर दिसायची. फट उघडी ठेवणं माझ्या हातून होत नाही. एक भरली. मग शेजारची वाकडी दिसायला लागली."

"चारही चित्रांत?"

"पेशंटना आवडलं."

विमेवाल्यांकडे पाचही झोपड्यांवर वीज कोसळत होती, आणि एकीच्या छपराने पेटही घेतला होता. "भाऊकाका, एवढी निवांत झोपडी बघून कोण विमा काढील? लोकांना धोका दिसायला हवा," असं त्यांचं म्हणणं. वहिनींकडे तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर धुणं वाळत होतं. पायमोजेसुद्धा जोडीने. "एवढं छान घर, एवढं पाणी," वहिनी म्हणाल्या, "आणि कपडे वाळत घालायची काही सोयच नाही. तुम्हा पुरुषांना नाही सुचायचं."

शेवटी ते सेक्रेटरींच्या कार्यालयात गेले. जप्त केलेलं चित्र टेबलावर, फाईलींच्या मागे होतं. सेक्रेटरी ते द्यायला तयार होईनात. "पुरावा आहे," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. ओढाताणीत चित्र वळलं. तळ्याच्या काठावर, केसाएवढ्या बारीक अक्षरांत, एक फलक रोवलेला होता : 'पोहण्यास सक्त मनाई'. त्याच्या बाजूला पार्किंगचे पांढरे पट्टेही आखले होते.

सेक्रेटरींनी घाईघाईने एक फाईल त्या फलकापुढे सरकवली.

"ते आधीपासून होतं," सेक्रेटरी म्हणाले.

भाऊकाकांनी वीसही सायंकाळी हॉलच्या भिंतीपाशी रांगेने मांडल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. पळून जाण्याचा विचार मनात आला. पण दारात काबरं आणि तिची सगळी पलटण येऊन उभी होती. परीक्षेला मुलांना आत मनाई होती. ती खिडकीच्या कठड्याला हनुवट्या लावून ओळीने लटकली होती.

मुख्यालयातून परीक्षक आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात लांब नळी. नळीतून त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचा एक मोठा कागद काढला. त्याच्यावर काळ्या शाईने 'शांत सायंकाळ क्रमांक सात'च्या रेषा आखलेल्या होत्या. "हा प्रमाणपट," ते म्हणाले. "चित्रावर ठेवायचा. रेषेला रेष मिळाली तर पास. संस्थेकडे हा एकच आहे. दोन केले असते तर त्यांच्यात फरक पडला असता."

भाऊकाकांना परीक्षक एकदम आवडले. असा माणूस त्यांनी आरशात पाहिला होता.

आधी वर्ग घ्यायचा होता. विद्यार्थी म्हणून काकू, डॉक्टर, विमेवाले, वहिनी आणि मजल्या-मजल्यावरची आणखी मंडळी बसली. एक जण कमी पडला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मी फक्त देखरेखीसाठी बसतो," आणि ब्रश इतक्या लगबगीने उचलला की टर्पेंटाइनचा डबा सांडला. कोपऱ्यात मॅडम मुठी आवळून उभ्या होत्या.

भाऊकाकांनी सुरुवात झकास केली. पोट आत, हात लांब, आवाज गोड. "आता आपण सगळे मिळून डोंगराचा डावा खांदा उतरवू या." सगळे खांदे उतरले. "आता आपण तळ्याला हळूच आडवं करू या." सगळी तळी आडवी झाली. त्यांनी नजर फिरवली, तर डझनभर डोंगर एका साच्यातले, जणू शिक्का मारायला आणून ठेवलेली वजनं. परीक्षकांनी मान डोलावली. मॅडमच्या मुठी सैल झाल्या. नुसती झोपडी राहिली होती.

"आता आपण उजव्या बाजूला," भाऊकाका म्हणाले, "एक छोटी झोपडी..."

"आजोबा," खिडकीतून आवाज आला, "त्या घरात कोण राहतं?"

परीक्षकांचं पेन वर उठलं. मॅडम जोरजोरात मान हलवू लागल्या. भाऊकाकांना उत्तर पाठ होतं. झोपडी उजव्या बाजूला राहते, एवढं म्हटलं की प्रमाणपत्र हातात, आणि मुलांना रविवार परत. त्यांनी तोंड उघडलंही. खिडकीतली काबरं त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती. तिला आजवर त्यांच्याकडून असलं उत्तर मिळालंच नव्हतं. आज हे उत्तर दिलं, तर परत मिळालेल्या रविवारी तिच्याशेजारी उकिडवं बसून विचारायचं काय?

भाऊकाकांनी पोट बाहेर सोडलं.

"खरंच की," ते वर्गाकडे वळून म्हणाले. "कोण बरं राहतं?"

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मग मागच्या रांगेतून, मान वर न करता, सेक्रेटरी म्हणाले, "एक सेक्रेटरी राहतो. निवृत्त झालेला. त्याच्याकडे कोणी तक्रार घेऊन येत नाही."

भाऊकाका त्यांच्याजवळ गेले, गुडघे कुरकुरत उकिडवे बसले आणि बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. "बरं," ते म्हणाले, "मग पुढे काय झालं?"

"पुढे... त्याला करमेना."

त्यानंतरच्या अर्ध्या तासाचं वर्णन संस्थेच्या नियमांत बसत नाही. सेक्रेटरींच्या झोपडीला पाहुणे यायला लागले. डॉक्टरांची झोपडी तळ्यावर तरंगायला लागली. काकूंनी झोपडी काढलीच नाही, तिच्या जागी एक रिकामी खुर्ची काढली आणि म्हणाल्या, "इथे मी बसणार आहे. आणि हिच्यावर कोणी ओलं चित्र ठेवायचं नाही." मुलं कधी आत शिरली ते कळलं नाही. मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

परीक्षकांनी कर्तव्य पार पाडलं. भिंतीजवळच्या एकेका चित्रावर प्रमाणपट नीट दाबून ठेवत ते निघाले. "डोंगर जुळतो. पण डोंगराला दात आहेत." पुढचं चित्र. "तळं जुळतं. पण यात कोणाचे तरी पायमोजे आहेत." विसाव्या चित्रापर्यंत त्यांचा आवाज बसला. ते वळून उभे राहिले. "दिलगीर आहे. प्रमाणित करता येणार नाही."

हेच वाक्य भाऊकाकांनी आयुष्यात कितीतरी दुकानदारांना ऐकवलं होतं, आणि अगदी याच सुरात. ते ऐकताना किती लांबलचक वाटतं, हे आज कळलं. काबरंने त्यांच्या शर्टाचं टोक धरलं. "म्हणजे खुर्च्या?" तिने विचारलं.

भाऊकाका उत्तर देणार, तेवढ्यात त्यांची नजर परीक्षकांच्या हातावर गेली, आणि तीस वर्षांची नोकरी त्यांच्यात ताठ उभी राहिली.

"साहेब, तो प्रमाणपट जरा उजेडात धरता?"

परीक्षकांनी धरला. ओल्या चित्रांवर एकामागून एक दाबल्यामुळे त्याला सगळं लागलं होतं. काळ्या रेषांच्या डोंगरात दात आले होते, झोपडीवर वीज पडत होती, तळ्यावर धुणं वाळत होतं आणि काठाला उलट्या अक्षरांत पोहण्याची मनाई होती.

"आमच्या खात्यात," भाऊकाका खाकरून म्हणाले, "प्रमाण किलोला नुसतं बोट लावायची परवानगी नसते. घामाचं वजन चढतं. इथे तर अख्खं धुणं चढलंय. माप बिघडलं की त्याने केलेली मोजणी बाद. सगळीच. आता पहिल्या चित्राला दात होते की नव्हते, हेही तुम्ही छातीठोकपणे सांगू शकणार नाही."

"पण पहिल्याला होतेच!"

"चित्राला, की पटाला?"

परीक्षकांनी चित्राकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. ते प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसाला अशा वेळी फार त्रास होतो. त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढून चाळलं आणि काकूंच्या खुर्चीवर बसून पाणी मागितलं. "पुसून घेतो," ते क्षीणपणे म्हणाले.

"टर्पेंटाइनने पुसलं तर शाईच्या रेषाही जातील," कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या. दिवसभरात त्या प्रथमच बोलल्या. त्यांच्या एप्रनवर कुणीतरी हिरवा हात उमटवला होता. "वाळू द्यावा लागेल. मग मुख्यालय खरवडून बघेल."

"ओला कसा नेऊ? स्कूटरवर, या शर्टावर?"

"म्हणजे निकाल काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"निकाल..." परीक्षकांनी शब्द शोधला. "प्रलंबित."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की तसा त्यांच्या चित्रातही कुठे नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर सूचना लागली : 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, प्रशिक्षक-प्रमाणनाचे प्रकरण प्रलंबित असून नियमानुसार निकाल लागेपर्यंत हॉलच्या वापरात कोणताही बदल करता येणार नाही. रविवारचा वर्ग पूर्ववत. प्रमाणपट हॉलमध्ये वाळत घातला आहे, त्यास कोणीही हात लावू नये.'

वहिनींनी दोरी दिली, चिमटेही दिले. पट दोन खिडक्यांच्या मधोमध लटकला.

महिना झाला. दोन झाले. मुख्यालयाचं पत्र येई, पट वाळला काय? दर रविवारी वर्ग सुरू होण्यापूर्वी भाऊकाका चष्मा लावून पटापाशी जात आणि करंगळीचं नख टेकवून बघत. ओला. सेक्रेटरी तसं कळवून टाकत. भाऊकाकांना मनातून नवल वाटे. हवा कोरडी, ऊन लख्ख, आणि रंग वाळायचं नाव घेत नाही. पण तपासणीत जे दिसतं तेच लिहायचं, असा त्यांचा नियम होता.

एका रविवारी ते जरा लवकर खाली आले. हॉलमध्ये सेक्रेटरी खुर्चीवर चढून पटासमोर उभे होते. चाहूल लागताच त्यांनी हात पाठीमागे नेला. पाठीमागून पिवळ्या रंगाचा एक थेंब जमिनीवर पडला.

"वाळला का, ते बघत होतो," सेक्रेटरी म्हणाले.

"मग?"

"ओला आहे अजून."

भाऊकाका जवळ गेले. झोपडीच्या खिडकीत दिवा लागलेला होता, आणि दिव्याशेजारी कुणीतरी, अगदी लहान, दोन खुर्च्या मांडत होतं. त्यांनी चष्मा पुसला, करंगळीचं नख टेकवलं, उजेडात निरखून पाहिलं आणि खात्यातल्या गंभीर आवाजात म्हणाले, "ओला आहे."

मग त्यांनी एक जादा खुर्ची ओढली, तिच्यावर काही नाही ना हे दोनदा हाताने चाचपून पाहिलं आणि बसले.

"बरं," ते सेक्रेटरींना म्हणाले, "मग पुढे काय झालं?"